विद्यार्थ्यांनी बांधलेला छोटा उपग्रह वातावरणाचं काय मोजू शकतो?

सांगलीजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. त्यांचा दहा-बारा जणांचा गट आहे. तीन युनिटचा क्यूबसॅट, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या तीन घनांएवढा छोटा उपग्रह, बांधून त्यात कार्बन डायऑक्साइड मोजणारं उपकरण, कॅमेरा, तापमापक आणि जमलं तर आयनोस्फियरसाठी (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरासाठी) काहीतरी बसवायचं त्यांच्या मनात आहे. मोठमोठे उपग्रह वर असताना एवढ्याशा उपग्रहातून वातावरणाबद्दल नवं काही कळतं का, आणि सुरुवात कुठून करायची, असं तिने विचारलंय.

कळतं, नक्की कळतं. पण त्या यादीतल्या चारपैकी तीन गोष्टी आजच खोडून टाका. विद्यापीठांचे उपग्रह आणि त्यांची भूकेंद्रं (उपग्रहाचे संदेश जमिनीवरून ऐकणारी केंद्रं) यांच्या कामात मी बरीच वर्षं आहे. या काळात जे गट काही मोजू शकले, त्यांच्यात मला एक गोष्ट सारखी दिसली. त्यांनी आधी एकच राशी, म्हणजे मोजायची एकच गोष्ट, निवडली, ती कोणाला हवी आहे हे शोधलं, आणि मग तिच्याभोवती उपग्रह बांधला. त्यातही हुशार गटांनी उपकरणाचा जितका भाग जमिनीवर ठेवता येईल तितका जमिनीवरच ठेवला. माझ्या उत्तराचा गाभा एवढाच आहे. पण हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून उदाहरणं घेऊन बोलतो.

आधी तुमचा तापमापक. पाचशे किलोमीटरवर बसवलेला तापमापक उपग्रहाचं तापमान सांगेल, हवेचं नाही. तिथल्या वायूचं तापमान हजार केल्व्हिनच्या आसपास असतं, पण तो इतका विरळ असतो की त्याची उष्णता तुमच्या सेन्सरपर्यंत पोचतच नाही. सेन्सर तापतो तो उन्हाने आणि थंड होतो तो सावलीत. बॅटरीच्या तब्येतीसाठी तापमापक लागतातच, ते बसवाच. फक्त त्याला वातावरणाचा अभ्यास म्हणू नका. कॅमेऱ्याचंही तसंच. फोटो सुंदर येतील, महाविद्यालयाच्या भिंतीवर लागतील, पण त्यातून मोजमाप निघत नाही.

कार्बन डायऑक्साइडबद्दल जास्त बोलावं लागेल, कारण बहुतेक गटांना तेच हवं असतं आणि त्यामागची तळमळ खरी असते. हवेत तो आज 420 पीपीएमच्या वर आहे, म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंत त्याचे चारशेवीसहून थोडे जास्त. एखाद्या शहरावरून जाताना हवेच्या पूर्ण स्तंभात पडणारा फरक एक-दोन पीपीएमचा, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. तेवढा फरक पकडायचा तर परावर्तित सूर्यप्रकाशातल्या शोषणरेषा अतिशय बारकाईने सुट्या कराव्या लागतात. शिवाय प्रकाश नेमक्या किती हवेतून आला हे कळण्यासाठी ऑक्सिजनचा पट्टाही त्याच वेळी मोजावा लागतो. ढगाची नुसती कड आली तरी ते मोजमाप वाया जातं. 2014 मध्ये गेलेला नासाचा ओसीओ-2 एवढ्याच कामासाठी बांधलेला आहे आणि त्याचं वजन सुमारे साडेचारशे किलो आहे.

याचा अर्थ आपल्याकडच्या विद्यापीठांनी हे करून पाहिलं नाही असा नाही. चेन्नईजवळच्या एसआरएम विद्यापीठाचा सुमारे अकरा किलोचा एसआरएमसॅट 12 ऑक्टोबर 2011 ला पीएसएलव्ही-सी18 वरून गेला. त्यात कार्बन डायऑक्साइड आणि बाष्पासाठी वर्णपटमापक, म्हणजे प्रकाश सुटा करून मोजणारं उपकरण, होता. त्याच उड्डाणात उष्ण कटिबंधातल्या हवामानासाठीचा मेघा-ट्रॉपिक्सही होता. 22 जून 2016 ला पीएसएलव्ही-सी34 वरून गेलेला सत्यभामासॅट दीड किलोचा. त्यातही हरितगृह वायूंसाठी लहान अवरक्त वर्णपटमापक होता. असा वर्णपटमापक उपग्रहात बसवणं, त्याचं अंशांकन (कॅलिब्रेशन) करणं, तो कक्षेत नेणं हे मोठंच काम आहे आणि त्या मुलांबद्दल मला आदर आहे. पण 'आमच्या उपग्रहाने कोल्हापूरवरचा कार्बन मोजला' असं वाक्य लिहायची इच्छा असेल, तर तीन युनिटमधून ते होणार नाही हे आत्ताच सांगणं माझं काम आहे.

उरलं आयनोस्फियर, आणि त्याच्या सोबतीला त्याच उंचीवरची विरळ हवा, म्हणजे थर्मोस्फियर. छोट्या उपग्रहाची खरी जागा इथे आहे. हवामानाचे फुगे चाळीसएक किलोमीटरच्या वर जात नाहीत. उपग्रह तीनशेच्या खाली फार दिवस टिकत नाहीत. मधल्या पट्ट्यात साउंडिंग रॉकेट, म्हणजे वर जाऊन लगेच परत येणारं रॉकेट, काही मिनिटं डोकावून येतं, बाकी सगळं दुरून ओळखायचं. मोठ्या संस्थांना सगळ्या ठिकाणी, सगळ्या वेळी तिथे पाहणं परवडत नाही. म्हणून तिथे एकच राशी नेमाने मोजणाऱ्यालाही किंमत आहे.

याचं मला सर्वात आवडणारं उदाहरण अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं आहे. बोल्डर इथल्या त्यांच्या लॅस्प प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांनी शास्त्रज्ञ-अभियंत्यांबरोबर स्नो नावाचा उपग्रह बांधला. स्टुडंट नायट्रिक ऑक्साइड एक्सप्लोरर हे त्याचं पूर्ण नाव. 26 फेब्रुवारी 1998 ला तो विमानातून सोडल्या जाणाऱ्या पेगॅसस रॉकेटने गेला आणि डिसेंबर 2003 मध्ये वातावरणात परतून जळाला. क्यूबसॅटची कल्पना 1999 मधली, म्हणजे हा त्याआधीचा. शंभर किलोच्या वरचा असल्याने आजच्या हिशेबात तो फार छोटाही नाही. पण विचाराची शिस्त पाहायची तर हाच पाहावा.

त्यांचा प्रश्न एका वाक्यात मावणारा होता: शंभर-एकशेदहा किलोमीटरवरचं नायट्रिक ऑक्साइड दिवसागणिक कमीजास्त का होतं? हा वायू तिथे फार थोडा असतो, पण कामाचा असतो. तो अवरक्त किरणांनी उष्णता बाहेर टाकून थर्मोस्फियरला थंड ठेवतो. ध्रुवीय हिवाळ्यात खाली उतरला तर ओझोन खातो. आयनोस्फियरच्या सर्वात खालच्या थरातले इलेक्ट्रॉनही मुख्यतः त्याच्यातूनच सुटतात. मग उपकरणं किती? तीन. एक वायू मोजणारं, आणि दोन त्याच्या संशयित कारणांसाठी: सूर्याचे मृदू (कमी ऊर्जेचे) क्ष-किरण आणि ध्रुवीय प्रकाश. विज्ञानासाठी चौथं काही नाही.

रचना तर पाहण्यासारखी आहे. वायूचं प्रमाण उंचीनुसार हवं तर क्षितिजाच्या कडेवरून नजर वर-खाली फिरवावी लागते. त्यासाठी हलणारा आरसा बसवण्याऐवजी त्यांनी सगळा उपग्रहच मिनिटाला पाच फेरे या वेगाने फिरवत ठेवला. बारा सेकंदांत एक फेरा. तेवढ्या वेळात उपग्रह नव्वदएक किलोमीटर पुढे सरकतो, म्हणजे दर नव्वद किलोमीटरवर एक उभी नोंद. बिघडू शकणारा एक भाग कमी झाला आणि फिरण्यामुळे उपग्रहाची दिशाही आपोआप स्थिर राहिली. उत्तरही स्वच्छ मिळालं: विषुववृत्ताच्या भागात मृदू क्ष-किरणांच्या चढउताराबरोबर नायट्रिक ऑक्साइड चढतं-उतरतं, आणि ध्रुवांकडे ध्रुवीय प्रकाश घडवणाऱ्या कणांबरोबर.

आता घरचं उदाहरण. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी 2007 मध्ये 'प्रथम'चं काम सुरू केलं आणि 26 सप्टेंबर 2016 ला पीएसएलव्ही-सी35 ने तो वर नेला. मुख्य उपग्रह स्कॅटसॅट-1 होता. बेंगळुरूच्या पीईएस विद्यापीठाचा पायसॅटही सोबत होता. 'प्रथम'चं वजन साधारण दहा किलो. काम एकच: जमीन आणि उपग्रह यांच्यामधल्या वाटेवर एकूण किती इलेक्ट्रॉन आहेत ते काढणं. याला टीईसी म्हणतात. त्याचं एकक असं की एका चौरस मीटरच्या उभ्या स्तंभात दहाचा सोळावा घात इतके इलेक्ट्रॉन म्हणजे एक टीईसी युनिट.

हा आकडा कोणाला हवा आहे? जीपीएस वापरणाऱ्या प्रत्येकाला. वाटेतला एकेक टीईसी युनिट जीपीएसच्या मुख्य फ्रिक्वेन्सीवर अंतरात सुमारे 16 सेंटिमीटरची चूक घालतो. भारतावर, सूर्य जोरात असताना दुपारी, शंभर युनिट सहज होतात. म्हणजे सोळा मीटर. विमान उतरवताना सोळा मीटर चालत नाहीत. म्हणूनच इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाच्या गगन प्रणालीला देशभरच्या आयनोस्फियरवर सतत लक्ष ठेवावं लागतं.

आपल्या डोक्यावरचं आयनोस्फियर जरा हट्टी आहे. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण टोकाला, तिरुनेलवेलीच्या बाजूने जातं. रॉकेट सोडायला केरळमधलं थुंबा निवडलं गेलं ते यासाठीच. तिथे चुंबकीय क्षेत्र आडवं असतं. दिवसा पूर्वेकडे रोख असलेल्या विद्युत क्षेत्रामुळे प्लाझ्मा (तिथला विद्युतभारित वायू) वर उचलला जातो आणि चुंबकीय रेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना सुमारे पंधरा चुंबकीय अंशांवर साठतो. म्हणून इलेक्ट्रॉनांची सर्वात दाट रास विषुववृत्तावर नसते. ती अहमदाबाद-भोपाळ-कोलकात्याच्या पट्ट्यात असते आणि महाराष्ट्र त्या राशीच्या उतारावर येतो. उतारावर असल्याने इथे शे-दोनशे किलोमीटरवर आकडा बदलतो, आणि संध्याकाळनंतर प्लाझ्मात बुडबुडे उठले तर रेडिओ संदेश थरथरायला लागतात. सांगलीत मोजलेला टीईसी नागपूरला चालत नाही. तुमच्या महाविद्यालयाची जागाच तुमची जमेची बाजू आहे ती अशी.

'प्रथम'ची युक्ती मला फार आवडते. उपग्रहावर मोजणारं उपकरण जवळजवळ नाहीच. आहेत ते दोन रेडिओ संदेश, एक सुमारे 146 मेगाहर्ट्झवर आणि दुसरा 437 च्या आसपास, दोन्ही एकरेषीय ध्रुवीकरणाचे, म्हणजे लहर एकाच ठरलेल्या दिशेत डोलणारे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या इलेक्ट्रॉनांमधून जाताना अशा लहरीच्या ध्रुवीकरणाची दिशा वळते. हे फॅरेडे वलन. किती वळते ते इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर, वाटेच्या दिशेने असलेल्या चुंबकीय क्षेत्रावर आणि फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्तात ठरतं.

आकडे घालून पाहा, वहीत करता येईल इतकं सोपं आहे. वाटेत 50 टीईसी युनिट आणि वाटेच्या दिशेने 20,000 नॅनोटेस्ला क्षेत्र धरलं, तर 146 मेगाहर्ट्झची लहर सुमारे 636 अंश वळते, म्हणजे पावणेदोन फेरे. 437 ची लहर मात्र सत्तरएक अंशच. फ्रिक्वेन्सी तिप्पट, वलन नवव्या हिश्शाचं.

दोन फ्रिक्वेन्सी का, याचं उत्तर इथे आहे. उपग्रह स्वतः थोडा कलला तरी त्याचा अँटेना फिरतो आणि लहरीची दिशाही बदलते. पण तो फरक दोन्ही लहरींत सारखाच पडतो. दोघींची वजाबाकी केली की उपग्रहाचा कल निघून जातो आणि निव्वळ आयनोस्फियर उरतं. महागडी दिशानियंत्रण यंत्रणा लावून जे साधायचं, त्यातलं बरंच एका वजाबाकीने साधलं.

अडचण उरते ती अर्ध्या फेऱ्यांची. ध्रुवीकरणाची दिशा 180 अंशांनी फिरली की पुन्हा तशीच दिसते, त्यामुळे फरक 25 अंश दिसला तरी तो खरोखर 25 आहे, 205 आहे की 565, ते एका क्षणाच्या नोंदीवरून कळत नाही. उपग्रह आपल्या आकाशातून जातानाची संबंध फेरी अखंड नोंदवली तर मात्र सुटका होते. मुंबईत चुंबकीय सुई सुमारे 26 अंश खाली झुकते. उपग्रह उत्तरेला साठएक अंशांच्या उंचीवर असतो तेव्हा वाट चुंबकीय क्षेत्राला काटकोनात येते आणि वलन शून्याजवळ जातं. तो शून्य पकडायचा आणि तिथून दोन्हीकडे अर्धे फेरे मोजत जायचं. ध्रुवांवरून जाणारा उपग्रह उत्तर-दक्षिण धावतो, त्यामुळे चांगल्या फेरीत हा क्षण सहसा सापडतो. म्हणूनच मी भूकेंद्रावरच्या मुलांना सांगतो की फेरीच्या मधले तीस सेकंदही हातचे जाऊ देऊ नका. नोंदीची साखळी तिथे तुटली तर अर्धे फेरे पुन्हा जुळवता येत नाहीत.

मोजणं जमिनीवर होतं याचा दुसरा फायदा असा की मोजणारे वाढवता येतात. एकमेकांना काटकोनात बसवलेले यागी अँटेना (छतावरच्या जुन्या टीव्ही अँटेनासारखे), दोन चॅनेलचा रिसीव्हर आणि अचूक घड्याळ एवढं असलं की कोणतंही महाविद्यालय त्याच उपग्रहाचं भूकेंद्र होतं. 'प्रथम'च्या गटाने इतर महाविद्यालयांना भूकेंद्र उभारायला सोबत घेतलं होतं आणि पॅरिसमधूनही भागीदारी होती. उत्तर-दक्षिण रेषेवर चार-पाच केंद्रं असली तर वेगवेगळ्या कोनांतल्या नोंदींवरून आयनोस्फियरचा उभा छेद काढता येतो. इस्रोच्या क्रॅबेक्स प्रयोगात तिरुवनंतपुरमपासून नैनितालपर्यंत रिसीव्हरांची अशी साखळी होती, फक्त ती 150 आणि 400 मेगाहर्ट्झच्या जुन्या नौकानयन उपग्रहांचे संदेश ऐकायची.

चुंबकीय क्षेत्र कुठून आणायचं असं विचाराल. गणितासाठी जागतिक प्रमाण मॉडेल पुरतं, कारण चाळीस हजार नॅनोटेस्लांपुढे रोजचा चढउतार फार थोडा असतो. पण वादळाचे दिवस ओळखायला अलिबागच्या नोंदी पाहा. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून 1904 मध्ये अलिबागला हलवली गेली आणि आज ती पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. सप्टेंबर 1859 च्या प्रचंड सौरवादळात कुलाब्याच्या वेधशाळेने सुमारे 1600 नॅनोटेस्लांची घट नोंदवली होती. त्या वादळाचा अभ्यास करणारे जगभरचे लोक आजही ती नोंद वापरतात. एवढा वारसा दाराशी असताना आपल्या मुलांनी फक्त परदेशी डेटा उतरवून घ्यावा याचं मला वाईट वाटतं.

हीच कल्पना उलटीही करता येते. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या रॅक्स उपग्रहांनी ती केली. अलास्कात पोकर फ्लॅटला मोठं रडार आहे. रॅक्सने फक्त रिसीव्हर वर नेला. रडारने जमिनीवरून संदेश सोडायचा, ध्रुवीय आयनोस्फियरमधल्या अनियमित भागांवरून तो विखुरायचा आणि तीन युनिटच्या उपग्रहाने तो वरून ऐकायचा. पहिला रॅक्स 2010 मध्ये गेला आणि सौरपट्ट्यांच्या दोषामुळे दोनएक महिन्यांत बंद पडला. गटाने दोष शोधून दुसरा बांधला, तो ऑक्टोबर 2011 मध्ये गेला आणि त्याने विखुरलेले संदेश पकडले. प्रचंड वीज खाणारं ट्रान्समीटर जमिनीवर, हलका कान आकाशात.

वीज आणि डेटाचा हिशेब थोडक्यात. दहा सेंटिमीटरच्या एका बाजूवर दोन चांगले सौरघट बसतात, त्यांच्यावर थेट ऊन पडलं तर सव्वादोन वॅटच्या आसपास मिळतात, आणि पृथ्वीभोवतीच्या दीड तासाच्या फेरीत पस्तीसएक मिनिटं अंधार असतो. सांगलीवरून दिवसाला चार-पाच फेऱ्या मिळतील, त्यातल्या दोनच नीट उंचावरून जातील. सेकंदाला 9600 बिटच्या वेगाने आठ मिनिटांत अर्धा मेगाबाइट उतरतो. कॅमेरा का खोडला हे यावरून समजेल.

दिशानियंत्रणाबद्दल एक इशारा मात्र सविस्तर देतो. स्नो ज्या विद्यार्थी-उपग्रह कार्यक्रमातून गेला, त्याच कार्यक्रमातून बोस्टन विद्यापीठाचा टेरियर्स मे 1999 मध्ये गेला. विषय तुमचाच, आयनोस्फियरचा छेद. उपकरणं उत्तम होती. पण कक्षेत गेल्यावर त्याला सौरपट्ट्या सूर्याकडे वळवता आल्या नाहीत, बॅटरी संपली आणि उपग्रह गप्प झाला. चुंबकीय कुंडलीने फिरणाऱ्या उपग्रहात धन-ऋणाची एक अदलाबदल झाली की तो नेमका उलट दिशेला जोर लावतो, आणि संगणकावरच्या नमुन्यात हे दिसत नाही, कारण तिथे चिन्ह तुम्हीच लिहिलेलं असतं. म्हणून पूर्ण जोडलेला उपग्रह दोरीला टांगून, कुंडलीत प्रवाह सोडून, तो कुठे वळतो ते डोळ्यांनी पाहा. प्रत्येक अक्षाला, दोन्ही बाजूंनी. सूर्यसंवेदकासमोर बॅटरी-टॉर्च धरा आणि उत्तर कोणत्या चिन्हाचं येतं ते वहीत लिहा. जोडणी एकदा सुटली आणि पुन्हा केली, तर हे सगळं पुन्हा करा.

त्याहून सोपी वाट पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुलांनी दाखवली. त्यांचा एक किलोचा 'स्वयम्' सत्यभामासॅटबरोबर त्याच उड्डाणात गेला. काम संदेशवहनाचं होतं, वातावरणाचं नाही, पण त्यातलं दिशानियंत्रण पूर्णपणे निष्क्रिय होतं: आत कायम चुंबक, आणि डोलणं थांबवायला चुंबकीय पदार्थाच्या पट्ट्या. वीज लागत नाही, प्रोग्रॅम लागत नाही. दोन फ्रिक्वेन्सींच्या वजाबाकीच्या प्रयोगाला एवढं स्थैर्य चालू शकतं. ते चालतं का हे तुमच्या अँटेनाच्या रचनेवर आधी तपासून घ्या.

आणखी एक राशी आहे, तिला स्वतंत्र उपकरण जवळजवळ लागत नाही: विरळ हवेची घनता. उपग्रहावर जीपीएस रिसीव्हर असेल तर कक्षा किती वेगाने खाली येते त्यावरून घनता काढता येते. फेब्रुवारी 2022 मध्ये मध्यम ताकदीच्या चुंबकीय वादळाने वरची हवा फुगली आणि नुकत्याच सोडलेल्या 49 स्टारलिंक उपग्रहांपैकी बहुतेक जळून गेले. ही घनता आधी कळावी म्हणून आज जगभर धडपड चालू आहे. टीईसीच्या जोडीला दुसरं काही घ्यायचंच असेल तर हे घ्या.

माणसांबद्दल बोलायला हवं. 'प्रथम'ला सुरुवातीपासून उड्डाणापर्यंत नऊ वर्षं लागली. तुमची पदवी चार वर्षांची आहे, म्हणजे आज काम सुरू करणारे उड्डाणाच्या वेळी महाविद्यालयात नसतील, आणि हे धरूनच चालायचं. प्रत्येक सर्किटचा आकृतीपट, प्रत्येक निर्णयाचं कारण, नाकारलेल्या पर्यायांसह, त्याच आठवड्यात लिहून ठेवा. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी निम्मं वर्ष नवं काही न बांधता दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून आपलं काम करवून घ्यावं. मार्गदर्शक प्राध्यापक एकच असतील तर दुसरे शोधा. बदली आणि निवृत्तीनेही प्रकल्प थांबतात.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. सुरुवात छतावर करा. दोन फ्रिक्वेन्सींवर चालणारा उपग्रह-दिशादर्शन (जीपीएससारखा) रिसीव्हर बसवा आणि रोजचा टीईसी काढायला लागा. बेंगळुरूच्या आयआयएस्सीचं केंद्र आंतरराष्ट्रीय जाळ्यात आहे, त्याचा डेटा खुला आहे. अक्षांशाचा फरक लक्षात घेऊन आपला आकडा त्याच्याशी ताडून पाहा. उपग्रह नसतानाही तुमच्या हातात खरा डेटा येईल, आणि मुख्य म्हणजे चुका कुठून शिरतात ते कळेल. त्याच्याच शेजारी 146 आणि 437 मेगाहर्ट्झचे यागी अँटेना उभे करा आणि आज वर असलेले हौशी रेडिओचे उपग्रह ऐका. गटातल्या दोघा-तिघांनी हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, परवान्याची परीक्षा लगेच द्यावी.

दुसरा टप्पा म्हणून स्वतंत्र उपग्रहाआधी पोएमचा विचार करा. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम संपल्यावर कक्षेतच फिरत राहतो. इस्रो त्याला वीज आणि दिशानियंत्रण देऊन प्रयोगांसाठी वापरू देते. 30 जून 2022 ला पहिला पोएम झाला आणि डिसेंबर 2024 मधल्या चौथ्यावर 24 प्रयोग होते, त्यात शिक्षणसंस्थांचेही. दोन फ्रिक्वेन्सींचा ट्रान्समीटर आधी तिथे नेता आला तर बॅटरी, सौरपट्ट्या आणि दिशेची चिंता न करता मूळ मोजमाप तपासून होईल. अर्ज इन-स्पेस या सरकारी अंतराळ संस्थेकडे करायचा असतो. पोएमची आयुष्यमर्यादा काही आठवड्यांची असते, म्हणून तोपर्यंत भूकेंद्रं तयारच हवीत.

तरीही स्वतःचा उपग्रह हवा असेल, आणि तो हवा असणं मला समजतं, तर तीन युनिट योग्य आहेत. एका युनिटमध्ये 146 मेगाहर्ट्झचा अर्ध्या मीटरचा अँटेना उघडून स्थिर ठेवणं जिकिरीचं होतं. कक्षा पाचशे किलोमीटरच्या आसपासची मागा. सातशेवर उपग्रह अनेक दशकं कचरा म्हणून फिरत राहतो, पाचशेवरून काही वर्षांत आपोआप खाली येतो. इलेक्ट्रॉनांची सर्वाधिक दाटी तीन-चारशे किलोमीटरवर असते, त्यामुळे पाचशेवरूनही स्तंभाचा मोठा भाग मोजला जातो. पण जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवर असतात. त्यांच्या टीईसीशी तुलना करताना वरच्या उरलेल्या भागाची दुरुस्ती लावायला विसरू नका. त्या दोन आकड्यांतला फरक, म्हणजे पाचशेच्या वर किती इलेक्ट्रॉन आहेत, हाही स्वतंत्रपणे छापण्याजोगा निकाल आहे.

फ्रिक्वेन्सीचं काम मात्र पहिल्याच वर्षी एका जबाबदार मुलीकडे किंवा मुलाकडे सोपवा. आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाचा समन्वय आणि दिल्लीतल्या बिनतारी नियोजन विभागाचा परवाना, दोन्हींना वेळ लागतो, आणि नेमक्या फ्रिक्वेन्सी हातात आल्याशिवाय अँटेनाची लांबी नक्की करता येत नाही.